हंडीतला फोन

प्रयोगशाळेतली विजेची घंटा गंजून गेलेली,
म्हणून उखर्डूनानांनी आपला बटणांचा फोन दिला.
"घ्या मॅडम, हा पडला तरी मरत नाही."
सायकलच्या ट्यूबची दोन रबरं कापून
त्यांनीच तो काचेच्या हंडीत टांगला,
कशालाही न टेकता,
नाहीतर आवाज लाकडातून पळतो,
हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक.
सत्तावीस वर्षं या खोलीचं कुलूप तेच उघडतात.

पारोळ्याचा एप्रिल. पत्र्याखाली नववी ब.
कुणाच्या तरी डब्यातलं भरीत
पहिल्या तासापासून वर्गभर फिरत होतं.
मी म्हणाले, हे ऊन बघा,
पंधरा कोटी किलोमीटर आलं,
वाटेत हवेचा घोट नाही, कुणाचा खांदा नाही,
आणि तरी तुमची मान भाजतंय.
आवाजाचं तसं नाही.
स्लॅब टाकताना घमेली हातोहात जातात ना,
माणूस जागचा हलत नाही, घमेलं पुढे सरकतं,
तसा आवाज.
रांगेतली माणसं उठून गेली
की घमेलं तिथंच.

नाना पंप मारू लागले.
फुस्स, खट. फुस्स, खट.
तेजल बडगुजरच्या हातात माझा फोन,
नंबर लावून, माझ्या खुणेची वाट बघत.

खूण करायच्या आधीच हंडीत उजेड पडला.
"आला! मॅडम, आवाजच नाही!"
बाकांवर चढून पोरं ओरडत होती.
फोन रबरांवर तडफडत होता
गळाला लागलेल्या मासोळीसारखा,
आणि काचेला कान लावला तर
डासाएवढी एक रेघ,
आमचा पंप जुना, पोकळी कधी पुरी होत नाही.
तेजल म्हणाली, "पण मी अजून लावलाच नाहीये."

पडद्यावर नाव होतं: सुपडू सुरत.

आईच्या दहाव्याला कावळा शिवेना,
त्यावरून दोघा भावांत जे झालं ते घाटावर सगळ्यांनी ऐकलं.
त्याला सहा वर्षं झाली.
त्यानंतरचं कुणी काही ऐकलेलं नाही.

तापीपल्याडून निघालेली लहर
टॉवरवरून टॉवरवर,
भिंत, काच, मग हंडीतली ती ओसाड जागा,
कुठेच अडली नाही.
नाव उजेड होऊन बाहेर आलं, तेही अडलं नाही.
हाक तेवढी आत राहिली.

हवा सोडल्याशिवाय हंडी उचलत नाही,
चार पैलवान लावा.
हवेची चावी नानांच्या हाताखाली होती.
ते फोनकडे बघत होते. मी त्यांच्याकडे.
मला सांगता आलं असतं, नाना, सोडा हवा.
मी फळ्यावरचा खडूचा डाग पुसत राहिले.

मग स्स्स् झालं.
आणि आवाज वर यायला लागला,
आधी विहिरीच्या तळातून, मग काठावरून,
मग एकदम खोलीभर, साधी टिरिंग टिरिंग.
आणि थांबला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या.
नानांनी रबरं तोडली नाहीत,
एकेक गाठ नखानं सोडवली,
फोन सदऱ्याला पुसला आणि बाहेर गेले.

मी वहीत मुद्दे लिहून द्यायला घेतले.
प्रकाशाला माध्यम लागत नाही.
रेडिओलहरींना माध्यम लागत नाही.
ध्वनीला,
इथे मागच्या बाकावरच्या कुणीतरी खिडकी ढकलली,
उकडत होतं म्हणून,
आणि निंबाखालून, बारीक,
"हां. हां भो. आयकू यी ऱ्हायनं. बोल."

त्या दिवशी चौथ्या तासाची घंटा
अकरा मिनिटं उशिरा झाली.
घंटा नानाच देतात.
हेडसरांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले,
प्रयोग लांबला.